नागपाडा नेबरहुड हाउस

मुंबईत भायखळ्यालगतच्या नागपाडा भागात अमेरिकन मराठी मिशनने १९२६ साली सुरू केलेले वस्तीकेंद्र. भारतातील आधुनिक धर्तीचे पहिले ‘सेटलमेंट हाउस’ म्हणून समाजकार्याच्या इतिहासात त्याची नोंद होते. देशातील समाजकार्याच्या औपचारिक शिक्षणाची सुरुवातही इथूनच झाली.

गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले तेव्हापासून हे मिशन महाराष्ट्रात आहे. शाळा, दवाखाने आणि १८४२ पासून निघणारे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक हा त्याचा जुना पसारा, आणि त्यातला बराचसा अहमदनगरकडचा. गिरण्या आणि गोदीच्या ओढीने लोक मुंबईत लोटू लागले, तशी गरिबीही शहरात येऊन साठली. १९२५ मध्ये मिशनने दाट वस्तीत काम करायचे ठरवले आणि ते शिकागोत शिकलेल्या क्लिफर्ड मॅन्शर्ट यांच्यावर सोपवले.

कल्पना बाहेरून आलेली होती. सॅम्युएल बार्नेट या पाद्र्याने १८८४ मध्ये लंडनच्या पूर्व भागात टॉयन्बी हॉल काढला. १८८९ मध्ये जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी शिकागोत हल हाउस सुरू केले. कार्यकर्त्याने गरिबांना भेट देऊन परतायचे नाही, त्यांचा शेजारी व्हायचे, हे या पद्धतीचे मूळ सूत्र.

नागपाडा त्या दृष्टीने सोपा शेजार नव्हता. मुसलमान, बगदादी ज्यू, हिंदू, ख्रिस्ती अशी सरमिसळ वस्ती. एका बाजूला मदनपुऱ्यातले विणकर, दुसऱ्या बाजूला कामाठीपुरा. चाळीतल्या एका खोलीत अख्खे कुटुंब, कधी वर भाडेकरूही. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराशी सोटा घेऊन उभा राहणारा पठाण सावकार त्या काळच्या कामगार-मुंबईला चांगलाच ओळखीचा होता. अशा घरातल्या पोराला अभ्यासाला बसायला कोपरा नसे आणि खेळायला रस्ताच असे. म्हणून वाचनालय, वर्ग, आरोग्यसेवा यांच्याइतकेच मोल इथे खेळाला होते. शहराच्या प्रश्नांवर व्याख्यानमालाही होत. त्यांतली काही व्याख्याने पुढे पुस्तकरूपाने निघाली.

मिशनची संस्था म्हटल्यावर धर्मांतराचा प्रश्न येणारच. मॅन्शर्ट यांची भूमिका त्या काळाच्या मानाने धीट होती: सेवा हेच ख्रिस्ती श्रद्धेचे आचरण, ते धर्मांतराचे आमिष असता कामा नये. हे धोरण नसते, तर इतक्या धर्मांच्या वस्तीत केंद्राचा जम बसला असता का, याची शंकाच वाटते. मात्र मुंबईत समाजसेवेला सुरुवात यांनी केली असे समजू नये. ना. म. जोशी यांची सोशल सर्व्हिस लीग १९११ पासून रात्रशाळा आणि वाचनालये चालवत होती.

केंद्राचे सर्वांत मोठे फळ वेगळेच निघाले. सर दोराबजी टाटा १९३२ मध्ये वारले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीच्या कामात मॅन्शर्ट यांचा सल्ला मोलाचा ठरला. नुसत्या कनवाळूपणाने भागत नाही, कार्यकर्ता शिकून तयार व्हावा लागतो, हे त्यांचे नागपाड्यात पक्के झालेले मत. त्यातून १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. मॅन्शर्ट त्याचे पहिले संचालक, आणि वर्ग भरत ते नेबरहुड हाउसमध्येच. १९४१ मध्ये ते भारतातून गेले, त्यांच्यामागे जे. एम. कुमारप्पा संचालक झाले. १९४४ मध्ये शाळेचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था झाले आणि १९५४ मध्ये ती देवनारला गेली.

या वारशावर टीकाही झाली आहे. समाजकार्याचा अभ्यासक्रम अमेरिकी साच्यातून उचलला गेला, त्यात भारतीय खेडे आणि जात यांना पुरेशी जागा मिळाली नाही, असा आक्षेप नंतरच्या अनेक अभ्यासकांनी घेतला. त्यात तथ्य आहे. वस्तीकेंद्राच्या पद्धतीलाही मर्यादा होती: पोराला पुस्तक देता येते, बाळाला औषध देता येते, पण खोलीचे भाडे आणि गिरणीतली मजुरी ठरते ती वस्तीबाहेर.

नागपाड्याचे नाव बाहेर गाजले ते बास्केटबॉलमुळे. गल्लीबोळांत हा खेळ इतका मुरला, की मुंबईत क्रिकेटचे वेड असताना या एवढ्याशा भागाने राष्ट्रीय दर्जाचे खेळाडू दिले. भारताचे कर्णधार राहिलेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर हे याच नागपाड्याचे.