ढिला कार्बोरेटर आणि चोरटी हवा

चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी कळ) ओढलेला असेपर्यंत गाडी बरी चालते. चोक परत बंद केला की कधी रेस आपोआप चढते, कधी गाडी बंद पडते. ॲक्सिलरेटरची मूठ सोडली तरी इंजिन लगेच शांत होत नाही आणि उतारावर सायलेन्सर फटफट करतो. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी एअर स्क्रूकडे, म्हणजे हवा कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूकडे जातो. त्याऐवजी इंजिन थंड असताना कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, हातात धरून हलवून पाहावा. इंजिनाच्या तोंडाशी तो जरासाही डुगडुगला, तर दोष बहुधा तिथेच आहे.

१ एप्रिल २०२० ला धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या मोटरसायकली बहुतेक कार्बोरेटर सोडून फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. तरी यवतमाळ-वर्ध्याच्या खेड्यांत पांदणीने खताचं पोतं नेणाऱ्या जुन्या गाड्या अजून भरपूर आहेत. ही दुरुस्ती त्यांच्यासाठी आहे, आणि दहाचा पाना व स्क्रू ड्रायव्हर एवढ्यावर ते घरी होतं.

कार्बोरेटरच्या मधल्या नळीचा गळा अरुंद असतो. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या तोटीतून, वर ओढलं जातं. वजनाने १ भाग पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते. जेटचं भोक याच हिशेबाने ठरलेलं असतं. आता कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या सांध्यात फट पडली, तर तिथून शिरणारी हवा जेटजवळून जातच नाही. ती पेट्रोल न घेता आत जाते आणि मिश्रण पातळ होतं.

हा त्रास आयडलिंगलाच, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असतानाच, जास्त का जाणवतो? मूठ सोडलेली असते तेव्हा हवेची वाट उघडणारी स्लाइड जवळजवळ बंद असते. आत जाणारी हवा थोडी आणि तिच्यामागची ओढ सर्वांत जोराची. तेवढ्या थोड्या हवेत फटीतून आलेल्या हवेचा वाटा मोठा ठरतो. मूठ पिळली की ओढ कमी होते, मुख्य वाटेने भरपूर हवा येते आणि चोरटी हवा तिच्यात हरवते. म्हणूनच रस्त्यावर गाडी ठीक वाटते आणि चौकात थांबली की रुसते.

खरं नुकसान मात्र धुळीने होतं. ही फट एअर फिल्टरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला आहे. उन्हाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीवर उडणारा फुफाटा तिथून न गाळता थेट सिलिंडरमध्ये जातो आणि पिस्टनच्या रिंगा घासतो. कार्बोरेटरचं काम थोड्या पैशांत आवरतं, रिंग-पिस्टनचं काम हजारांत जातं.

बोल्ट ढिले पडतात ते आडव्या हादऱ्याने, हे जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रयोगांनी दाखवलं. सूप तिरपं धरलं तरी दाणे जागेवर राहतात, पण हलवलं की उताराकडे सरकतात. बोल्टचे आटे म्हणजे असाच गुंडाळलेला उतार. आडवा हादरा बसला की घर्षण सुटतं आणि बोल्ट थोडा थोडा उलटा फिरतो. त्यात चंद्रपूरकडचा ४५ अंशांचा उन्हाळा आणि इंजिनाची धग यांनी सांधा बंद ठेवणारी रबरी गोल कडी, म्हणजे ओ-रिंग, कडक होऊन चपटी बसते. मग बोल्टवरचा ताणही उतरतो.

खात्री अशी करावी. थंड गाडी सुरू करायची. शाम्पूच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून सांध्याभोवती पाण्याचे थेंब सोडायचे. कपाशीवर फवारायचा पंप यासाठी आणू नये, त्यात औषधाचा अंश असतो. फट असलेल्या जागी थेंब ओघळत नाही, आत खेचला जातो, आणि त्या क्षणी इंजिनाचा आवाज बदलतो. पाण्याने फट क्षणभर बुजते म्हणून हे होतं.

दुरुस्ती अंगणात, चुलीपासून लांब करावी. पेट्रोल कॉक बंद करायचा, वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून उरलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढायचं. आधी फिल्टरकडचा क्लॅम्प सोडायचा आणि मग इंजिनाकडचे दोन बोल्ट आळीपाळीने. कार्बोरेटर बाजूला झाला की इंजिनाचं तोंड लगेच स्वच्छ फडक्याने बुजवावं. तिथे वायसर पडला तर काम वाढलंच. काही गाड्यांत बोल्टऐवजी रबरी नळी आणि क्लॅम्प असतो. तिथे नळी वाकवून पाहायची, आतल्या घडीत भेग दिसली तर नळी बदलायची.

जुनी ओ-रिंग सोबत नेऊन त्याच मापाची, पेट्रोलला टिकणारी आणावी. नळाचा वायसर फुगतो. सिलिकॉन अजिबात लावू नये, साधं सिलिकॉन पेट्रोलने मऊ पडतं आणि त्याचे तुकडे आत ओढले जातात. कार्बोरेटरचं कानपट्टीचं, म्हणजे बोल्टच्या भोकांचं सपाट तोंड काचेवर उभं ठेवून पाहावं. डुगडुगलं तर ते वाकलेलं आहे, आणि बहुधा कुणीतरी बोल्ट जोर लावून आवळल्यानेच. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पसरून आठाच्या आकड्यासारखं हलक्या हाताने घासलं की ते सपाट होतं. नंतर पेट्रोलने धुवायचं, भुकटी राहता कामा नये.

बसवताना दोन्ही बोल्ट आधी बोटांनी पूर्ण फिरवायचे, मग पाव-पाव आटा आळीपाळीने. ६ मिलिमीटरच्या बोल्टला इथे साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. म्हणजे पाना बोल्टपासून १० सेंटिमीटरवर धरून सुमारे १० किलोचा जोर. त्याहून जास्त आवळलं तर ॲल्युमिनियमचे आटे उपटतात. चपटा झालेला स्प्रिंग वायसर परत वापरू नये.

एअर स्क्रू आधी कुणी फिरवला असेल, तर तो हलकेच पूर्ण बसवून किती फेरे लागले ते मोजावं आणि कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यावर आणावा. गाडी पाच मिनिटं गरम झाल्यावरच आयडलिंग ठरवायचं. १०० किलोमीटरनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना बोल्ट पुन्हा तपासावेत आणि प्लग काढून पाहावा. टोक पांढरंफटक असेल तर हवा बहुधा अजून कुठूनतरी शिरते आहे. विटकरी तपकिरी असेल तर सांधा बसला.