शिष्यवृत्ती हवी असेल तर दहावीच्या निकालाची वाट बघत बसू नका

जळगाव-भुसावळला एप्रिल-मेच्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. सेतू केंद्रात जायची खरी वेळ मात्र तीच. निकाल लागला की सगळं गाव एकाच वेळी दाखल्यांसाठी धावतं, सर्व्हर बसतो आणि पंधरा दिवसांचा दाखला दीड महिन्यावर जातो. मी गेली काही वर्षं आमच्या भागातल्या मुलांचे फॉर्म भरून देतो. डाळ मिलमधल्या हमालांची, रिक्षावाल्यांची, शिवणकाम करणाऱ्या बायांची ही मुलं. पात्र नाही म्हणून अर्ज बाद झाला, असं क्वचित होतं. कुठलातरी एक कागद उशिरा आला म्हणून मात्र दरवर्षी दोन-चार अर्ज बाद होतात.

आठवीतली संधी

एनएमएमएस, म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, आठवीतच परीक्षा देऊन मिळवायची असते. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांत 48,000. महाराष्ट्राच्या वाट्याला 11,682 जागा आहेत. आई-वडिलांचं मिळून वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीत 55 टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना 50 पुरतात. परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते आणि अर्ज शाळेमार्फतच जातो. बुद्धिमत्तेचे 90 आणि शालेय विषयांचे 90 असे प्रश्न असतात.

अट एकच बोचते. मूल सरकारी, नगरपालिका-महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असलं पाहिजे. विनाअनुदानित इंग्रजी शाळेतली मुलं बसू शकत नाहीत, नवोदयची आणि केंद्रीय विद्यालयाचीही नाहीत. पोटाला चिमटा काढून इंग्रजी शाळेत घातलेल्या मुलाच्या बापाला हे सांगताना मलाच अवघडल्यासारखं होतं. निवड झाल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. ते विसरलं की पैसे थांबतात, परीक्षा कितीही चांगली गेलेली असो.

दहावीनंतर महाडीबीटी

अकरावीपासून पुढची बहुतेक राज्य सरकारी शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवरून मिळते. अनुसूचित जाती आणि जमातीसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. ओबीसी, विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी त्यांची वेगळी योजना तिथेच दिसते. अनुसूचित जातीच्या मुलाला दहावीत 75 टक्क्यांच्या वर गुण असतील तर राजर्षी शाहू गुणवत्ता शिष्यवृत्तीही बघा. अकरावी-बारावीला महिन्याला 300 रुपये, दहा महिने. रक्कम छोटी आहे, पण अर्ज करत नाहीत म्हणून तीही सुटते.

मुलाला डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करायचं असेल तर हिशेब बदलतो. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. खुल्या प्रवर्गातल्या आठ लाखांच्या आतल्या कुटुंबातल्या मुलाला राजर्षी शाहू शिक्षण शुल्क योजनेतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. मात्र प्रवेश कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की संपलं. मुलींसाठी जुलै 2024 च्या शासन निर्णयाने मोठाच फरक पडला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, अट इथेही कॅपचीच. शिवाय एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती: डिप्लोमा किंवा डिग्रीच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना वर्षाला 50,000 रुपये, उत्पन्न मर्यादा तीच आठ लाख, एका घरातल्या दोनच मुली. ही महाडीबीटीवर सापडणार नाही, राष्ट्रीय पोर्टलवर आहे.

घर सोडून पुणे-नाशिकला जायचं आणि सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही, तर खोलीभाड्या-जेवणासाठी अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार आणि आदिवासी मुलांना स्वयम् योजना आहे. स्वाधारसाठी समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांचं कार्यालय, स्वयम् साठी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय. आपल्याकडे ती नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावलला आहेत.

ज्या कार्डावर भांडी मिळाली, त्याच कार्डावर

बांधकाम कामगार मंडळाकडून भांड्यांचा संच मिळतोय म्हटल्यावर मध्यंतरी केवढ्या रांगा लागल्या होत्या! त्याच नोंदणीवर मुलांना शिष्यवृत्ती मिळते, हे रांगेतल्या किती जणांना माहीत होतं देव जाणे. आई किंवा वडील गवंडी, रंगारी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले असतील आणि वर्षभरात 90 दिवस कामाचा दाखला असेल तर नोंदणी होते. मग आठवी ते दहावीला वर्षाला 5,000, अकरावी-बारावीला 10,000, पदवीला 20,000, इंजिनिअरिंगला 60,000 आणि वैद्यकीयला एक लाख, पहिल्या दोन मुलांसाठी. दहावी किंवा बारावीत 50 टक्क्यांच्या वर गुण मिळाले तर वेगळे 10,000. नोंदणीचं नूतनीकरण चुकलेलं असेल तर अर्ज फेटाळतात, म्हणून कार्डावरची तारीख आजच बघा.

कागद, आणि त्यांचा क्रम

आधी उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलदारांचा असतो आणि 31 मार्चला त्याची मुदत संपते, म्हणून 1 एप्रिलनंतरच काढायचा. आधार, रेशनकार्ड, शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ, पगार असेल तर फॉर्म 16, आणि तलाठ्याचा उत्पन्न अहवाल. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण शोधायचं जुन्याच नावाने.) कायद्याने हा दाखला 15 दिवसांत आणि जातीचा 45 दिवसांत द्यायचा असतो. प्रतिज्ञापत्राला पाचशेचा स्टँप लागतो असं कुणी म्हटलं तर देऊ नका. असल्या शैक्षणिक दाखल्यांसाठी तो माफ आहे, साध्या कागदावर चालतं.

जातीच्या दाखल्याचं दुखणं जुन्या पुराव्याचं. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधी आपला पूर्वज इथला रहिवासी होता, हे दाखवावं लागतं. आजोबांच्या प्राथमिक शाळेच्या रजिस्टरचा उतारा सगळ्यात भारी. तो नसेल तर तहसीलला कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदीची, नक्कल मागा.

कामासाठी सूरतला गेलेली आपली मंडळी इथे अडकतात. सूरतच्या उधना-लिंबायतला वाढलेलं, तिथेच दहावी झालेलं पोरगं अकरावीला गावी येतं आणि बापाला वाटतं, आता आपण गुजरातचे झालो, इकडचं काही मिळणार नाही. तसं नसतं. जात ठरते ती वरच्या तारखेला पूर्वज जिथे राहत होता तिथून. आजोबा साक्रीचे असतील तर दाखला त्या भागाच्या प्रांत कार्यालयातूनच निघेल. अधिवासाच्या दाखल्याला मात्र अडचण येते, कारण तिथे राज्यातल्या 15 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. वडिलांच्या नावावरचं गावचं घर, जुनं रेशनकार्ड, मतदार यादी, जे सापडेल ते जमवा आणि हे काम सगळ्यात आधी हाती घ्या.

आधार आणि बँक

पंधरा वर्षं पूर्ण झाली की आधारचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद पुन्हा द्यावी लागते. 15 ते 17 वयात ती एकदा मोफत होते. ती न केल्याने अकरावीच्या कितीतरी मुलांची ओळख पटत नाही. नावाचंही तसंच: आधारवर भिमसिंग, दहावीच्या गुणपत्रिकेवर भीमसिंह, बँकेत नुसतं बी. पी. अशा वेळी गुणपत्रिकेप्रमाणे आधार बदला, उलटं करू नका. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, तेव्हा घाईत चुकीचा बदल करून संधी वाया घालवू नका.

बँकेतला कारकून ‘लिंक आहे’ म्हणतो, तेवढ्यावर विसंबू नका. खात्याला आधार जोडलेला असणं वेगळं आणि सरकारी पैसे त्याच खात्यात यावेत अशी नोंद, म्हणजे सीडिंग, झालेलं असणं वेगळं. सीडिंग एका वेळी एकाच खात्याला असतं. कुणी नवं खातं उघडताना संमतीवर सही करून घेतली की ते तिकडे सरकतं आणि पैसे भलत्याच पासबुकात दिसतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती फुकट बघता येते. दोन मिनिटांचं काम.

फॉर्म भरताना

नोंदणीत स्वतःचा किंवा आई-वडिलांचा मोबाइल नंबर द्या. सायबर कॅफेवाला बऱ्याचदा त्याचाच नंबर टाकतो, मग पुढचे ओटीपी आणि सूचना त्याच्याकडे जातात आणि पोरगं सहा महिने गप्प बसून असतं. कागद स्कॅन करताना 256 केबीच्या आत ठेवा, पण अक्षर वाचता आलं पाहिजे. लागणारे कागद हे: गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, उत्पन्न, जात आणि अधिवासाचे दाखले, ओबीसीला नॉन-क्रिमीलेअर, मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र.

अर्ज सबमिट झाला म्हणजे निम्मंच काम झालं. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून विभागाकडे. त्रुटी असेल तर परत येतो आणि दुरुस्तीची मुदत थोडीच असते. दर पंधरवड्याला स्थिती बघा. अर्ज कॉलेजकडेच महिनाभर पडून असेल, तर प्रिंट घेऊन कार्यालयात जा, शिष्यवृत्ती बघणाऱ्या कारकुनाला अर्ज क्रमांक द्या आणि कधी पुढे पाठवणार ते विचारा. उत्तर मिळेना तर प्राचार्यांच्या नावे दोन ओळींचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आणि बारावीला गेल्यावर नूतनीकरणाचं बटण पुन्हा दाबायचं आहे, तेव्हा लॉगिनचं नाव-पासवर्ड आजच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.