मग आता कुत्र्याचं काय करणार?

पाचवा महिना लागला की भेटायला येणारी प्रत्येक मावशी, प्रत्येक आत्या ओटी भरता भरता हा प्रश्न विचारतेच. हळू आवाजात विचारते, कारण ज्याच्याबद्दल विचारायचं तो सोफ्याखाली पडून ऐकत असतो. प्रश्न काळजीतून आलेला असतो आणि मुंबईच्या घरात तो अगदीच चुकीचाही नाही. परदेशी पुस्तकं 'बाळाच्या खोलीत प्राण्याला येऊ देऊ नका' असं सांगून मोकळी होतात. आपल्याकडे पाळणा, ओटा आणि कुत्र्याचं भांडं दहा पावलांच्या आत असतं. तरीही माझं उत्तर ठाम आहे. त्याला कुठेही पाठवायचं नाही. मात्र तयारीला त्याच महिन्यापासून लागायचं आणि बाळ नीट चालू लागेपर्यंत ती सोडायची नाही.

सगळ्यांना आधी भीती वाटते ती केसांची. खरं तर त्रास केसांचा नसतो. मांजराच्या ॲलर्जीला कारण ठरणारं मुख्य प्रथिन, फेल डी 1, त्याच्या लाळेत आणि त्वचेतल्या ग्रंथींत तयार होतं. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते आणि तिचे बारीक कण हवेत तरंगत राहतात. ॲलर्जी आणि दम्याबद्दलचे निष्कर्ष तर बहुतेकांच्या अपेक्षेच्या उलट आहेत. 2002 मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटजवळच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी घरात दोन किंवा जास्त कुत्री-मांजरं असलेल्या मुलांमध्ये सहा-सात वर्षांच्या वयात ॲलर्जीची प्रवृत्ती कमी आढळली. स्वीडनमध्ये 2015 साली लाखो मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पहिल्या वर्षी कुत्र्यासोबत वाढलेल्या मुलांत पुढे दम्याचा धोका 13 टक्क्यांनी कमी दिसला. अर्थात, तेवढ्यावरून कोणी औषध म्हणून कुत्रा आणू नये. आणि घरात आधीच दम्याचा त्रास असेल तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावाच. पण आहे त्या कुत्र्याला 'बाळाच्या छातीला त्रास होईल' म्हणून घालवण्याला या आकड्यांत आधार नाही.

गर्भवतीने मांजर पाळू नये, हेही अर्धवट कानावर आलेलं सत्य. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी गर्भाला धोकादायक आहे आणि त्याचं जीवनचक्र मांजराच्या आतड्यात पूर्ण होतं, इथपर्यंत बरोबर. पण मांजर तो विष्ठेतून बाहेर टाकतं ते बहुधा पहिल्यांदा लागण झाल्यानंतरचे एक ते तीन आठवडेच. बाहेर पडल्यावर तो संसर्ग करण्याजोगा व्हायलाही एक ते पाच दिवस लागतात. मांजराचा ट्रे घरातल्या दुसऱ्या कुणी रोजच्या रोज साफ केला, तर हा रस्ता जवळजवळ बंद होतो. घराबाहेर न जाणाऱ्या, कच्चं मांस न खाणाऱ्या मांजरापेक्षा अर्धकच्चं मटण आणि न धुतलेली कोथिंबीर यांच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं.

बाकी जंताचं औषध, रेबीजची लस, गोचिडांचा बंदोबस्त हे सगळं बाळ यायच्या आधी व्हेटकडून करून घ्यावं. मुंबईत त्यात लेप्टोची, म्हणजे साचलेल्या पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूच्या आजाराची, लस हवीच. 2005 च्या 26 जुलैच्या पुरानंतर हा शब्द इथे घराघरात पोचला, आणि कुत्र्याच्या मूत्रातूनही हा जिवाणू पसरतो. पावसाळ्यात फिरून आलेल्या कुत्र्याचे पाय दारातच धुऊन पुसावेत.

आता कुत्र्याच्या बाजूने पाहू. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे रोज संध्याकाळी त्याला फिरवून आणणारी त्याची सगळ्यात जवळची व्यक्ती एके दिवशी बॅग घेऊन जाते आणि दोन-तीन महिने दिसत नाही. मग एक दिवस ती येते, अंगाला वेगळाच वास, हातात किंचाळणारं काहीतरी. त्याच दिवसापासून त्याला पलंगावर चढायची बंदी होते, फिरणं चुकतं आणि 'मागे हो' सोडून दुसरा शब्द कानावर पडत नाही. कुत्र्याचा मेंदू एकापाठोपाठ एक घडलेल्या गोष्टींची सांगड घालण्यात तरबेज असतो. बाळ आलं आणि सगळं सुख गेलं, एवढं त्याला पक्कं कळतं. लोक याला मत्सर म्हणतात. मला तो शब्द त्याच्यावर अन्याय करणारा वाटतो.

म्हणून बदल आधी करायचे. पलंगावर झोपणं बंद करायचं असेल तर ते पाचव्या महिन्यात, बाळाचा मागमूसही नसताना. फिरवायचं काम नवऱ्याकडे किंवा सासऱ्यांकडे हळूहळू जावं. पाळणा आधीच बांधून ठेवावा. बाळ माहेरी असेल तेव्हा भेटायला जाणाऱ्याने परतताना त्याचं वापरलेलं दुपटं आणावं, कुत्र्याला लांबून हुंगू द्यावं आणि शांत राहिला तर खाऊ द्यावा. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण 50-60 लाख असतात, कुत्र्याच्या नाकात जातीनुसार 20 कोटींच्या पुढे. वास हीच त्याची खरी ओळख.

रडण्याचंही तसंच. बाळाच्या रडण्याचं रेकॉर्डिंग मोबाइलवर अगदी बारीक आवाजात लावावं आणि ते चालू असेपर्यंत त्याला आवडीचं काहीतरी भरवत राहावं. आवाज रोज किंचित वाढवायचा. तो कान मागे घेऊ लागला किंवा उठून गेला, तर पुन्हा कमी करायचा. घंटा आणि अन्न यांची सांगड कुत्र्याच्या मनात कशी बसते हे रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हने शंभरेक वर्षांपूर्वी दाखवलं, ही त्याच तत्त्वाची घरगुती आवृत्ती. फक्त घाई करायची नाही.

बाळंतिणीच्या घरातला एक धोका मात्र कुत्र्यालाच असतो. बेदाणे आणि मनुकांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते आणि लसणाने त्याच्या लाल रक्तपेशी फुटतात. म्हणजे डिंकाच्या लाडवांचा डबा आणि लसणाची चटणी, दोन्ही त्याच्या तोंडापासून दूर. वापरलेले डायपर झाकणाच्या डब्यातच टाकावेत, कारण त्यातली ओलावा शोषणारी पूड पोटात फुगते.

मांजराची गोष्ट वेगळी. ते बाळाचा श्वास ओढून घेतं, ही समजूत खोटी आहे. पण मांजराला ऊब लागते. त्याच्या शरीराला 30 अंशांच्या वरचं तापमान सुखाचं वाटतं. एसी लावलेल्या खोलीत सगळ्यात उबदार जागा कोणती? पाळणा. आणि दोन महिन्यांच्या बाळाला तोंडावर आलेलं अंग बाजूला सारता येत नाही. तेव्हा बाळ झोपलेलं असताना दार बंद, आणि मांजराला कपाटाच्या माथ्यावर जुनी गोधडी घालून स्वतःची उंच जागा.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे त्याकडे येते. पहिले काही आठवडे सगळं घर डोळ्यांत तेल घालून बसलेलं असतं. खरी जोखीम येते सातव्या-आठव्या महिन्यात, बाळ रांगू लागतं तेव्हा. तोवर 'आपला कुत्रा किती गरीब आहे' याची सगळ्यांना खात्री पटलेली असते. जमीन आजवर एकट्या त्याची होती. आता तिथे एक वाटेकरी आलाय, जो डोळ्यांत बोट घालतो, शेपटी ओढतो आणि जेवणाच्या भांड्यात हात घालतो. लहान मुलांना होणारे बहुतेक चावे ओळखीच्या कुत्र्याचे असतात आणि ते चेहऱ्यावर किंवा मानेवर होतात, कारण बाळाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्याच उंचीला असतो.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारे 'बाळ आणि कुत्र्याची मैत्री'चे फोटो पुन्हा एकदा पाहा, पण या वेळी कुत्र्याकडे. तोंड दुसरीकडे वळवलंय का? जिभेने नाक चाटतोय का? झोप आलेली नसताना जांभई? डोळ्याच्या कडेला पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतोय? हे सगळं 'मला सोडा' असं सांगणं आहे. त्यानंतर तो ताठ होऊन जागीच थिजला, तर त्याच क्षणी बाळाला उचला. शेपटी हलतेय म्हणून निश्चिंत होऊ नका. 2007 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं, की मालक दिसल्यावर कुत्र्याची शेपटी उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी, दबाव आणणारा कुत्रा दिसल्यावर डावीकडे. हलते ती दोन्ही वेळा.

आणि गुरगुरल्याबद्दल त्याला मारू नका. ही कळकळीची विनंती आहे. मार खाल्लेला कुत्रा गुरगुरायचं थांबवतो, पण त्याची भीती जात नाही. पुढच्या वेळी तो इशारा न देता थेट चावतो. गुरगुरला की शांतपणे दोघांमधलं अंतर वाढवा, आणि त्याला काय सहन झालं नाही ते शोधा. म्हातारा कुत्रा असेल तर सांधे दुखत असतील, व्हेटला दाखवा.

मोठं माणूस खोलीत असणं आणि लक्ष असणं यांत फरक आहे. फोन वाजला, कुकरची शिट्टी झाली, दारावर कुरिअर आलं, तर दोघांपैकी एकाला सोबत घेऊनच उठायचं. जुन्या चाळींत रांगतं मूल बाहेर जाऊ नये म्हणून उंबरठ्यावर आडवी फळी लावत. तशीच फळी किंवा बाजारात मिळणारं छोटं फाटक कुत्र्याच्या कोपऱ्यापुढे लावा. तिथे त्याचं अंथरूण, पाणी आणि जेवण असावं, बाळ कधीच पोचू नये.

आणि तरीही दात किंवा नख लागलंच, अगदी ओरखडा असला, तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने घड्याळ लावून 15 मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. कुत्र्याला लस दिलेली असली तरी बाळाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. पालिकेच्या रुग्णालयांत रेबीजची लस मोफत मिळते. जाताना कुत्र्याचं लसीकरणाचं कार्ड सोबत घ्या.