बोन्साय : पानांचे लघुकरण

कुंडीतील वामनवृक्षाची पाने छाटणी व निगा यांच्या साहाय्याने नेहमीपेक्षा लहान आणण्याची पद्धत. खोड ठेंगणे राखले म्हणून पाने त्या मानाने लहान होत नाहीत, आणि मोठ्या पानांचे झाड वृक्षाऐवजी रोपासारखे दिसते. हा बदल आनुवंशिक नाही; तेच झाड जमिनीत मोकळे वाढू दिल्यास पाने पूर्ववत होतात.

तंत्राचा काळ निश्चित सांगता येत नाही. चीनमधील युवराज ली श्यान याच्या थडग्यातील भित्तिचित्रांत (इ. स. ७०६ च्या सुमारास) तबकातील छोटी झाडे दिसतात, परंतु त्यांवरून पाने छाटत असत असा निष्कर्ष काढता येत नाही. जपानीत पाने कापण्याला ‘हागारी’ म्हणतात. हौशी मंडळींत ‘डिफोलिएशन’ हा शब्द रूढ आहे.

पाने लहान का येतात, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिल्यानुसार, पाने काढल्यावर झाडाला साठवलेल्या अन्नावर दुसरी पालवी काढावी लागते, म्हणून ती खुरटी येते. दुसरे फांद्यांच्या संख्येवर भर देते. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ ई. जे. एच. कॉर्नर यांनी १९४९ मध्ये मांडले, की डहाळी जितकी जाड तितके पान मोठे, आणि फाटे वाढत जातात तशी डहाळी व पान दोन्ही लहान होतात. हे अधिक ग्राह्य वाटते, कारण दाट फाटे फुटलेल्या जुन्या बोन्सायची पाने दरवर्षी सगळी न कापताही लहान राहतात. छाटणीचे खरे काम डोळे (फांदीवरचे सुप्त अंकुर) जागे करण्याचे असावे. मेपलच्या पानाचे पाते कापून देठ ठेवला, की काही दिवसांत देठ पिवळा पडून गळतो आणि त्याच्या बगलेतला डोळा फुगतो. पाने समोरासमोर असल्याने एका कोंबाच्या जागी दोन येतात. पालवी उलगडताना भरपूर ऊन मिळणेही महत्त्वाचे असते. सावलीतली पाने मोठी व पातळ होतात.

कापणी पहिली पालवी पक्व झाल्यावर, निरोगी झाडावरच करतात; कुंडी बदललेल्या वर्षी टाळतात. पाने गेल्यावर बाष्पोच्छ्वास (पानांवाटे पाण्याची वाफ बाहेर पडणे) जवळजवळ थांबतो, त्यामुळे पूर्वीइतकेच पाणी दिल्यास मुळे कुजतात. हौशी माळ्यांची बरीच झाडे अशीच दगावतात.

नवशिक्याच्या कोवळ्या झाडावर मात्र हा प्रयोग करू नये. खोड जाड होते ते पानांनी तयार केलेल्या अन्नावर. आधी खोड, मग मुख्य फांद्या, मग शेंडे खुडून बारीक फाटे, आणि पानांचा विचार त्यानंतर, हाच क्रम योग्य होय.

चिनी एल्म व फायकस मायक्रोकार्पा (वडाच्याच वंशातील झाड) यांत लघुकरण चांगले साधते. फायकस कापताना चीक गळतो, तो पुसून घ्यावा. वडाचे पान मुळातच मोठे असल्याने निम्मे झाले तरी मोठेच दिसते. काळ्या पाइनच्या सुया, म्हणजे सुईसारखी पाने, कापत नाहीत. उन्हाळ्याच्या आरंभी नवे कोंब काढतात व नंतर येणाऱ्या सुया आखूड राहतात. फुले व फळे या उपायांनी लहान होत नाहीत.