प्रोसेसर फ्लॅग स्थिरांक : सी भाषेतील व्याख्यास्थान

प्रोसेसरच्या स्थितिदर्शक व नियंत्रक रजिस्टरांतील (प्रोसेसरमधील छोट्या स्मृतिस्थानांतील) एकेका बिटाला, म्हणजे फ्लॅगला, सी भाषेत जे नाव दिले जाते, त्याची व्याख्या कोणत्या हेडर फाइलीत (इतर कोडमध्ये समाविष्ट करायच्या सामायिक व्याख्यांच्या फाइलीत) ठेवावी, याविषयीचा संकेत. इंटेल व एएमडीच्या एक्स८६ या प्रोसेसर-कुळात कॅरी फ्लॅग ० क्रमांकाच्या, झीरो फ्लॅग ६ च्या आणि इंटरप्ट फ्लॅग ९ च्या बिटावर असतो. बिटांचे क्रमांक प्रोसेसरनेच ठरवलेले असल्याने मतभेद उरतो तो नावाचा आणि जागेचा.

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हे फ्लॅग ‘पीएसएल.एच’ या फाइलीत असून इंटरप्ट फ्लॅगचे नाव ‘पीएसएल_आय’ असे आहे. एक्स८६ मध्ये पीएसएल नावाचे रजिस्टरच नाही. पीडीपी-११ या जुन्या संगणकाच्या १६ बिटी ‘प्रोसेसर स्टेटस वर्ड’शी या नावाचे नाते जोडता येते, परंतु शेवटचे अक्षर ‘लाँगवर्ड’चे असून ३२ बिटी ‘प्रोसेसर स्टेटस लाँगवर्ड’ हे व्हॅक्स या त्यानंतरच्या संगणकाचे रजिस्टर असल्याने व्हॅक्सकडून आल्याचे मत अधिक ग्राह्य वाटते. लिनक्समध्ये ‘प्रोसेसर-फ्लॅग्ज.एच’ ही स्वतंत्र फाइल आहे. २०१२ च्या सुमारास कर्नलचे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे) अंतर्गत आणि वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमसाठीचे हेडर वेगळे झाले, तेव्हा फ्लॅगांच्या व्याख्या दुसऱ्या गटात गेल्या. तेथे एकदा आलेले नाव मागे घेणे अवघड असते, कारण बाहेरचे प्रोग्रॅम त्यावर विसंबतात.

अशी फाइल इतर हेडरांवर शक्य तितकी कमी अवलंबून असावी, कारण ती असेंब्ली कोडमध्येही समाविष्ट होते. म्हणूनच ‘इनम’ (सी भाषेतील नामांकित स्थिरांकांची यादी) येथे चालत नाही, कारण ती असेंब्लरला कळत नाही; प्रीप्रोसेसरची (भाषांतरापूर्वी नावांच्या जागी किमती घालणाऱ्या टप्प्याची) ‘डिफाइन’ आज्ञाच लागते. शिवाय संख्येपुढे लावायचा ‘यूएल’ (अनसाइन्ड लाँग, म्हणजे चिन्हविरहित लाँग पूर्णांक) हा प्रत्ययही असेंब्लरसाठी गाळावा लागतो, त्याकरिता लिनक्समध्ये तो फक्त सी कोडमध्ये जोडणारा मॅक्रो आहे. मात्र सी कोडमध्ये हा प्रत्यय अत्यावश्यक ठरतो. सीआर० या नियंत्रक रजिस्टरातील पेजिंगचा (स्मृतीची पानांत विभागणी सुरू करणारा) बिट ३१ क्रमांकाचा आहे. साधा १ डावीकडे ३१ स्थाने सरकवला, तर ३२ बिटी चिन्हयुक्त पूर्णांकात ती किंमत मावत नाही आणि सी९९ या सी भाषेच्या मानकानुसार परिणाम अनिश्चित राहतो. व्यवहारात बहुधा ऋण संख्या मिळते आणि ती ६४ बिटांपर्यंत विस्तारताना वरचे ३२ बिटही १ होतात. नियंत्रक रजिस्टरांचे बिट लिनक्सने वरील फाइलीतच ठेवले आहेत, तर फ्रीबीएसडीने ‘स्पेशलरेग.एच’मध्ये.

६४ बिटी आर्मच्या लिनक्समध्ये स्थितिदर्शक फ्लॅग ‘पीट्रेस.एच’मध्ये येतात.