वाक्याच्या शेवटी ‘विथ’ आलं तर?

दादरच्या एका क्लासात आम्हाला बजावलं होतं: इंग्रजी वाक्य प्रिपोझिशनवर, म्हणजे ‘विथ’सारख्या शब्दयोगी अव्ययावर, संपवायचं नाही. असा नियम नाहीच. १६७२ साली इंग्रज कवी जॉन ड्रायडनने नाटककार बेन जॉन्सनच्या अशा रचनेला नावं ठेवली आणि पुढच्या व्याकरणकारांनी तेच धरून ठेवलं.

लोकलचं रोजचं रडगाणं घ्या: ‘द क्राउड आय पुट अप विथ’. ‘पुट’ क्रियापद, ‘अप’ क्रियाविशेषण, ‘विथ’ शब्दयोगी. तिघांचा मिळून अर्थ एकच, सहन करणं. ‘विथ’ उचलून पुढे न्या, वाक्याची पार वाट लागते.

शेवटचा शब्द दरवेळी प्रिपोझिशन असतो असंही नाही. ‘गेट ऑफ द ट्रेन’मध्ये ‘ऑफ’ प्रिपोझिशन. ‘व्हेअर डू आय गेट ऑफ?’मध्ये मात्र क्रियाविशेषण, कारण तिथे त्याला जोडलेलं नामच नाही.