वेबसाइट रेंगाळते तेव्हा वेळ जातो कुठे?

एखादं वेबपान उघडायला तीन सेकंद लागतात. सर्व्हरचा प्रोसेसर निवांत आहे, मेमरी पुरेशी आहे, डेटाबेसच्या संथ क्वेरींच्या, म्हणजे त्याला विचारलेल्या रेंगाळणाऱ्या प्रश्नांच्या, लॉगमध्ये एकही नोंद नाही. अशा वेळी सरासरीचे आलेख कितीही पाहिले तरी उलगडा होत नाही, कारण सरासरीत कुठल्याच एका रिक्वेस्टची, म्हणजे सर्व्हरकडे आलेल्या एका मागणीची, हकिगत उरत नाही. ती हकिगत ट्रेस सांगतो.

रिक्वेस्ट आत शिरताच तिला एक ओळखक्रमांक मिळतो आणि ती ज्या ज्या सेवेकडे (साइटमागे काम करणाऱ्या प्रोग्रामकडे) जाईल तिथे तो तिच्यासोबत जातो. प्रत्येक टप्प्यावर काम कधी सुरू झालं, किती वेळ चाललं आणि ते कोणी सांगितलं याची नोंद होते. या नोंदीला स्पॅन म्हणतात. सगळे स्पॅन आडव्या पट्ट्यांनी एकाखाली एक मांडले की त्या रिक्वेस्टचा पूर्ण प्रवास समोर येतो; हाच तिचा ट्रेस. गूगलने २०१० साली आपल्या डॅपर या ट्रेस नोंदवणाऱ्या यंत्रणेवर शोधनिबंध प्रसिद्ध केला, आणि पुढे झिपकिन, येगर अशी खुली साधनं त्याच धर्तीवर तयार झाली.

पट्ट्यांच्या लांबीइतकाच त्यांचा आकृतिबंधही बोलका असतो. समजा, पानावर २०० वस्तूंची यादी आहे. प्रोग्राम एका क्वेरीने यादी आणतो आणि मग प्रत्येक वस्तूच्या तपशिलासाठी डेटाबेसकडे पुन्हा जातो. प्रत्येक फेरी अवघ्या २ मिलिसेकंदांची, म्हणून संथ क्वेरींच्या लॉगला ती कधीच खटकत नाही. एकामागून एक २०० फेऱ्या झाल्या की मात्र ४०० मिलिसेकंद जातात. ट्रेसमध्ये या इवल्या पट्ट्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उतरत जातात आणि दुखणं पाहताक्षणी कळतं. सगळे तपशील एकाच क्वेरीत मागवले की जिना नाहीसा होतो.

मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागा. क्वेरी २ मिलिसेकंदांत संपली, पण तिच्याआधी ८०० मिलिसेकंद काहीच घडलेलं दिसत नाही. बऱ्याचदा ही रिक्वेस्ट डेटाबेसशी जोडणाऱ्या मोजक्या कनेक्शनांपैकी एखादं मोकळं होण्याची वाट पाहत असते. तेवढ्या वेळातले इतर ट्रेस काढले तर एखादी रिक्वेस्ट कनेक्शन अडवून बाहेरच्या सेवेच्या उत्तरासाठी ताटकळलेली सापडते. इथे डेटाबेससाठी मोठं यंत्र घेणं म्हणजे पैसा वाया घालवणं. कनेक्शन लवकर सोडायला हवं. अर्थात मोकळी जागा दिसली की कनेक्शनलाच दोषी ठरवू नये. तिथे नोंद न झालेलं काम चालू असेल, किंवा प्रोग्राम नको असलेली मेमरी मोकळी करत असेल. आधी त्या भागात एक स्पॅन घालावा आणि मगच ठरवावं.

कामं समांतर चालतात तेव्हा वेगळी काळजी घ्यावी लागते. तीन सेवांना एकदम विचारलं आणि त्यांना १००, १५० आणि ६०० मिलिसेकंद लागले, तर पहिल्या दोन कितीही वेगवान केल्या तरी वापरणाऱ्याला फरक जाणवणार नाही. सुधारणेची मेहनत तिसरीवरच खर्च व्हावी.

सगळेच ट्रेस साठवणं महाग पडतं. डॅपर सुरुवातीला १,०२४ पैकी एकाच रिक्वेस्टची नोंद ठेवत असे. गूगलच्या प्रचंड रहदारीत तेवढं पुरतं, पण लहान साइटवर नेमकी क्वचित रेंगाळणारी रिक्वेस्टच निसटते. म्हणून रहदारी बेताची असेल तर सगळे ट्रेस ठेवावेत असं माझं मत आहे. ती वाढली की रिक्वेस्ट पूर्ण झाल्यावर निर्णय घेण्याची पद्धत चांगली: संथ आणि फसलेल्या सगळ्या ठेवायच्या, बाकीच्यांतल्या थोड्या. त्यासाठी निर्णय होईपर्यंत प्रत्येक रिक्वेस्टचे स्पॅन सांभाळावे लागतात, हा त्यातला खर्च.

ट्रेस वाचताना आणखी एक पथ्य पाळावं. वेगवेगळ्या यंत्रांची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे कधी कधी उत्तर देणारी सेवा प्रश्न येण्याआधीच कामाला लागल्यासारखी दिसते. अशा वेळी दोन यंत्रांवरच्या सुरुवातीच्या वेळा एकमेकींशी ताडून पाहू नयेत. एकाच यंत्रावर मोजलेला कालावधी धरून चालावं.